कार्बला हात लावायच्या आधी टायमिंग बघा: जुन्या व्ही-एटवाल्या ग्राहकांसाठी

डेट्रॉइटच्या आसपासची आपली मराठी मंडळी हल्ली शेव्हेल, कॅमॅरो, मस्टँग अशा आठ सिलिंडरच्या (व्ही-एट) जुन्या गाड्या घ्यायला लागलीयेत आणि आमच्याकडे गाडी आली की बहुतेकांचं वाक्य ठरलेलं, "कार्ब तेवढा सेट करून द्या". कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. देतो करून, पण आधी टायमिंग, म्हणजे स्पार्क कधी पडतो ते, बघणार, आणि त्याचे पैसे वेगळे का लावले हे बिल दिल्यावर विचारलं जातं, म्हणून हा कागद.

होतं काय, टायमिंग मागे पडलं, म्हणजे स्पार्क उशिरा पडायला लागला, की आयडलला (गाडी उभी, पाय वर) इंजिन दम धरत नाही, मग कोणीतरी आयडलचा स्क्रू आवळून थ्रॉटल उघडं ठेवतो, ते जास्त उघडलं की आतली ट्रान्सफर स्लॉट (पेट्रोलची फट) उघडी पडते आणि पेट्रोल तिथनंच ओढलं जातं, मग मिक्श्चर स्क्रू दिवसभर फिरवत बसा, इंजिनाला ढिम्म फरक पडत नाही. वरून चावी बंद केली तरी इंजिन भडभड करत चालूच! सगळे कार्बला शिव्या घालतात आणि खरी गडबड असते डिस्ट्रिब्युटरमधे, म्हणजे प्रत्येक प्लगला स्पार्क पोचवणाऱ्या भागात.

शेवी (शेव्हरोले) 350 घ्या, पॉइंट्सवाली, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधे उघडझाप करणारा स्विच असलेली. पॉइंट्सचा फायबरचा ठोकळा डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर (उंचवट्यांच्या दांड्यावर) घासून झिजतो, गॅप कमी होतो, ड्वेल (पॉइंट्स बंद राहतात तो कोन) वाढतो, आणि ड्वेल एक डिग्री वाढला की टायमिंग एक डिग्री मागे जातं, तुम्ही काहीही न करता. म्हणून आधी ड्वेल 30 डिग्रीच्या आसपास आणायचा, मग टायमिंग. उलट केलं तर पुन्हा पहिल्यापासून. शेवीच्या कॅपला छोटी खिडकी असते, इंजिन चालू ठेवून त्यातून ॲलन की घालून ड्वेल सेट होतो, जीएमवाल्यांनी हे एक काम फार झकास केलं होतं.

टायमिंग लावताना डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी (कमी लोडवर टायमिंग पुढे नेणारी) काढून तिचं तोंड बंद करतो. आयडलला पिस्टन वर पोचायच्या आधी साधारण 8 ते 12 डिग्री, पण आमचा भर टोटलवर, म्हणजे 3000 आरपीएमच्या आसपास 34 ते 36. ती नळी नंतर परत जोडायची, कृपा करून! "रेसिंगला नसते" म्हणून काढून टाकणारे भेटतात, पण तुम्ही गाडी हायवेवर चालवता, नळी नसली तर ॲव्हरेज जातं आणि इंजिन उगाच गरम होतं.

आणि बॅलन्सरवरच्या (क्रँकच्या पुढच्या चाकावरच्या) खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाहेरची रिंग रबरावर बसवलेली असते, पन्नास वर्षांचं ते रबर, रिंग सरकते आणि टायमिंग लाइट मारला की 10 दिसतं पण असतं भलतंच. आम्ही प्लगच्या भोकात स्टॉप लावून खरं टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) शोधतो, वेळ जातो तो यातच.

1970 पर्यंतच्या हाय कम्प्रेशन इंजिनांना (1971 पासून जीएमने कम्प्रेशन खाली आणलं) पंपावरचं 93 ऑक्टेनचं पेट्रोल कधीकधी पुरत नाही. चढावर लोडवर किणकिण (पेट्रोल अवेळी पेटल्याचा आवाज) ऐकू आली तर पुस्तकात काहीही असो, आम्ही टायमिंग दोन डिग्री कमी करणार. थोडा पिकअप गेला तरी चालेल, पिस्टन जायला नको.

प्लगच्या वायरी घरी बदलणार असाल तर शेवीचा स्पार्कचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2, त्यात 5 आणि 7 शेजारीशेजारी आणि लागोपाठ, त्यांच्या वायरी चिकटून नेल्या की एकीचा स्पार्क दुसरीत उडतो आणि मिसिंग सापडता सापडत नाही. फोर्ड 302 चा क्रम 1-5-4-2-6-3-7-8 आणि रोटर उलटा फिरतो, म्हणजे शेवीवर हात बसलेला माणूस तिथे टायमिंग पुढे न्यायला जातो आणि मागे आणतो.

आता कार्ब. हॉली कंपनीच्या कार्बमधे पहिल्यांदा फ्लोट लेव्हल (बाऊलमधली पेट्रोलची पातळी), मग व्हॅक्यूम गेज लावून दोन्ही मिक्श्चर स्क्रू थोडेथोडे, सारखेच, काटा सगळ्यात वर जाईपर्यंत. इंजिनात मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा) टाकलेला असेल तर आयडलचा व्हॅक्यूमच कमी असतो, तिथे 6.5 चा पॉवर व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम 6.5 इंचाखाली गेला की जादा पेट्रोल सोडणारा) ठेवला तर तो आयडललाच उघडा राहतो आणि एक्झॉस्टमधून काळा धूर, पेट्रोलचा वास. म्हणून कॅम बदललाय का ते आधी सांगा, कॅम कार्ड (कॅमची मापं लिहिलेलं) असेल तर घेऊनच या. पाय दाबल्यावर गाडी क्षणभर गप्प होत असेल तर ॲक्सिलरेटर पंप (पाय दाबताच पेट्रोलची पिचकारी मारणारा) बघावा लागतो, त्यासाठी मोठे जेट घालू नका.

उन्हाळ्यात गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी स्टार्ट होत नसेल तर इथेनॉलवालं पेट्रोल बाऊलमधे उकळतंय, ट्यूनिंगने ते पूर्ण जात नाही, कार्बखाली जाड स्पेसर टाकून बराच फरक पडतो.

गाडी आणताना टाकीत ताजं पेट्रोल असू द्या, थंडीभर साठलेल्यावर सेटिंग करून काही उपयोग नाही. वुडवर्ड ड्रीम क्रूझ (इथली जुन्या गाड्यांची मिरवणूक) ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते, त्याआधीचे दोन आठवडे आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा जुलैतच गाडी टाका.