पॉम्पेईच्या खड्ड्यात टॅब्लेट कसा उतरला

मातीचा थर एकदा उचलला की तो परत अंथरता येत नाही. उत्खनन संपल्यावर त्या थराबद्दल जे काही उरते, ते नोंदीत. हे कळायला इटलीतल्या पॉम्पेईला फार वेळ लागला.

इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या या शहरात १७४८ साली खोदकाम सुरू झाले ते नेपल्सच्या राजाच्या संग्रहासाठी. मूर्ती काढल्या, भिंतींवरची चित्रे कापून नेली. कोणती वस्तू कुठल्या खोलीत होती, ही माहिती बऱ्याचदा कायमची गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इटालियन पुरातत्त्वज्ञ ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी विभाग, घरांचे गट आणि दारे यांना क्रमांक दिले. तेच पत्ते आजही चालतात.

पुढे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी थरांच्या रेखाटनाला शिस्त लावली. (आपल्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया त्यांच्याच हाताखाली इंग्लंडमध्ये उत्खनन शिकले.) १९७३ मध्ये एडवर्ड हॅरिस यांनी थरांचा क्रम आकृतीत मांडण्याची रीत काढली, आणि त्याच दशकात लंडनमध्ये प्रत्येक थरासाठी वेगळा छापील तक्ता भरू लागले.

नोंद नेमकी झाली, पण कागद साठत गेला. उन्हाळ्यात भरलेले तक्ते हंगाम संपल्यावर संगणकात चढवायचे. त्यात एखादे माप चुकीचे निघाले, तर पडताळायला जाणार कुठे? खड्डा तर बुजवलेला! खरे दुखणे हे होते. लॅपटॉप धुळीत, उन्हात, उभ्याने वापरणे अवघड, आणि हातात मावणाऱ्या जुन्या उपकरणांच्या पडद्यावर रेखाटन जमत नसे.

एप्रिल २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला. त्याच उन्हाळ्यात सिनसिनाटी विद्यापीठाच्या स्टीव्हन एलिस यांच्या चमूने सहा आयपॅड पॉम्पेईच्या पोर्ता स्ताबिया दरवाजाजवळ नेले. तिथे ते दुकाने आणि खाणावळींची सामान्य माणसांची वस्ती उकरत होते. थराचे वर्णन, रेखाटन, हॅरिस यांची आकृती, सगळे खड्ड्याच्या काठावरच संगणकात जाऊ लागले. चूक त्याच दिवशी दिसे आणि थर अजून समोर असे. वेळ वाचला याचे कौतुक पुष्कळ झाले. मला मात्र ही पडताळणीची संधी कितीतरी मोलाची वाटते.

ॲपलने या कामाला प्रसिद्धी दिली आणि इतर उत्खननांतही टॅब्लेट दिसू लागले. पण नेटवर्क नसलेल्या माळरानाचे काय? ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘फेम्स’ प्रकल्पाने अँड्रॉइडसाठी ॲप बनवले. ते इंटरनेटशिवाय चालायचे आणि जोडणी मिळाली की सगळ्यांच्या नोंदी एकत्र करायचे.