मस्क तहारा म्हणजे पांढरी कस्तुरी नव्हे

मस्क तहारा या अत्तराची कुपी 'पांढरी कस्तुरी' म्हणून विकली जाते. घेणारा कस्तुरी समजूनच घेतो आणि आठवड्याभराने म्हणतो, "फसलो, याला साबणाचा वास येतो." हे इतक्यांदा ऐकलं आहे की एकदा सगळं नीट लिहून टाकतो.

कस्तुरी तुम्हाला ठाऊक आहे. हिमालयातल्या कस्तुरीमृगाच्या नराच्या पोटाखालच्या ग्रंथीतले ते काळपट दाणे. ताजा वास उग्र, जनावराचा. अगदी पातळ केल्यावर आणि मुरल्यावर त्याला ऊबदार गोडवा येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे, म्हणून त्याची शिकार आणि कस्तुरीचा व्यापार दोन्ही गुन्हे आहेत. दुकानातलं 'ब्लॅक मस्क'सुद्धा कस्तुरी नसते. तेही मिश्रणच, फक्त गडद वळणाचं.

घोटाळा होतो तो 'पांढरी' या शब्दापाशी. काळ्या गुळापासून पांढरी साखर, तशी काळी कस्तुरी गाळून पांढरी होत असेल, असं लोकांना वाटतं. तसं मुळीच नाही. मस्क तहाराचा हरणाशी काही संबंध नाही. १८८८ साली अल्बर्ट बाउर हा रसायनशास्त्रज्ञ स्फोटकांच्या जातीच्या रसायनांवर काम करत होता. त्यातल्या एका पदार्थाला त्याला कस्तुरीसारखा वास आला आणि कृत्रिम मस्कची वाट उघडली. खऱ्या कस्तुरीतल्या मस्कोन या मुख्य गंधद्रव्याची रचना लिओपोल्ड रुझिच्काने १९२६ साली उलगडली. १९६०च्या दशकात गॅलक्सोलाइडसारखे स्वच्छ, गोडसर मस्क आले आणि तेच आजच्या 'पांढऱ्या' मस्कचा कणा आहेत. त्यांच्यातून जनावराचा वास पूर्ण गेलेला असतो. राहतो तो मऊ, पावडरीसारखा गोडवा.

मग साबणाचा वास का येतो? कारण साबणवाल्यांनी हीच द्रव्यं उचलली. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, धुण्याच्या क्षारात टिकतात आणि खळबळून झाल्यावरही कापडाला चिकटून राहतात. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांच्या नाकांनी 'स्वच्छ कपडा' म्हणजे हाच वास असं शिकून घेतलं. म्हणजे अत्तरात साबण मिसळलेला नसतो, तुमच्या साबणातच मस्क असतो. अत्तर भेसळीचं ठरवण्याआधी एवढं लक्षात घ्या.

नावाचा प्रवास मात्र सुंदर आहे. संस्कृत 'मुष्क', फारसी 'मुश्क', अरबी 'मिस्क'. कस्तुरभेंडीच्या बियांनाही त्या वासामुळेच मुष्कदाणा म्हणतात.

'तहारा' म्हणजे अरबीत शुद्धी. पाळी संपल्यावर स्नान करून कस्तुरीने सुगंधित केलेलं कापड वापरायचं, अशी इस्लामी परंपरा आहे, त्यावरून हे नाव पडलं. पण ती गोष्ट कस्तुरीची होती. आजचं दाट, दुधाळ अत्तर नाजूक जागी लावायला म्हणून विकतात, ते मला अजिबात पटत नाही. कृत्रिम सुगंधी द्रव्यांनी तिथली त्वचा जळजळू शकते. मानेवर, कानामागे, कपड्यावर लावा.

आखाती देशांत अंघोळीनंतर आधी मस्क आणि त्यावर ऊद (अगरूचं अत्तर) किंवा गुलाब अशी थरांची पद्धत आहे. माझ्या मते रोजच्यासाठी नुसतं मस्कच उत्तम: ऑफिसात, लोकलच्या गर्दीत, देवळात ते कुणाच्या अंगावर येत नाही. ऊद सणासमारंभाला ठेवा.

"तासाभरात उडालं" ही तक्रारही बहुतेक वेळा चुकीची असते. मस्कचे रेणू जड असतात, ते हळूहळू उडतात. आपलं नाकच त्यांना सरावतं, आणि काहींना तर ठराविक मस्कचा वास मुळातच येत नाही. म्हणून आपल्याला येईना म्हणून पुन्हा थापू नका. संध्याकाळी घरातल्या कुणापुढे तरी मनगट धरा आणि विचारा.