आधी आलेले, मागून आलेले

एप्रिल 2020. टाळेबंदी सगळीकडेच होती, पण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या डोंगरातल्या गनिसन काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) एक वेगळाच हुकूम काढला. इथे ज्यांचं घर आहे पण जे इथले कायमचे रहिवासी नाहीत, त्यांनी काउंटी सोडून निघून जावं. कारण साधं होतं: रुग्णालय छोटं, गावं उंचावर आणि हिवाळा अजून सरलेला नाही. या सुट्टीतल्या घरांचे बरेच मालक टेक्सासचे होते. टेक्सासच्या ॲटर्नी जनरलनी लगेच पत्र पाठवून कळवलं की माणसाला त्याच्याच घरातून बाहेर काढणं घटनेत बसत नाही. गनिसनला मात्र असल्या बंदोबस्ताची जुनी सवय होती. 1918च्या फ्लूच्या साथीत या गावाने रस्ते अडवले होते आणि रेल्वेने उतरणाऱ्याला थेट विलगीकरणात टाकलं होतं.

पुढच्याच वर्षी, जून 2021 मध्ये, याच काउंटीतल्या क्रेस्टेड ब्यूट या गावाने आणीबाणी जाहीर केली. ती साथीची नव्हती, घरांची होती. गावाची वस्ती दीड-पावणेदोन हजार. घरं होती, पण विकत घेणारे बाहेरचे आणि भाड्याने राहणारे पाहुणे. हॉटेलांना आचारी मिळेनात. मिळाला तर त्याला राहायला खोली मिळेना.

अमेरिकेच्या पश्चिमेतल्या या डोंगरी गावांची गोष्ट आता ठरावीक साच्यात सांगितली जाते: करोना आला, लोक घरून काम करू लागले, लॅपटॉप घेऊन डोंगरात आले आणि भाव आभाळाला भिडले. ‘झूम टाउन’ हा शब्दही तेव्हाचाच. यात खोटं काही नाही, पण 2020 हा या गोष्टीचा बराच उशिराचा अध्याय आहे. तिची मुळं शोधायची तर कोलोरॅडोतल्याच ॲस्पेनसारखं गाव नाही. तिथे सगळं आधी घडलं, आणि भरपूर घडलं.

1879 साली चांदी शोधत आलेल्यांनी रोअरिंग फोर्क नदीकाठी तंबू ठोकले. हा युट या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख, म्हणून वस्तीचं पहिलं नाव पडलं युट सिटी. वर्षभरात ते बदलून ॲस्पेन झालं. आणखी वर्षभराने, 1881 मध्ये, सैन्याने तिथल्या युटांना शेजारच्या युटा प्रांतात हाकललं. नाव आधी गेलं, माणसं मागून गेली. पुढे 1980च्या आसपास कोलोरॅडोतल्या गाड्यांवर हिरव्या डोंगरांचं चित्र आणि ‘नेटिव्ह’ असा शब्द असलेली स्टिकरं झळकू लागली. भूमिपुत्र आणि उपरे हा वाद आपल्याला नवा नाही, पण ‘नेटिव्ह’ म्हणून मिरवणाऱ्यांत युट किती असतील, असा प्रश्न ते स्टिकर पाहून पडतोच.

चांदीने गाव फुगलं. रेल्वे आली, ऑपेरा हाउस बांधलं गेलं, वस्ती बारा हजारांच्या घरात पोचली. मग 1893 मध्ये सरकारने कायद्याने स्वतःवर बांधलेली चांदीची खरेदी थांबवली आणि सगळं कोसळलं. 1930च्या जनगणनेत ॲस्पेनमध्ये 705 माणसं उरली होती. गावकरी या काळाला ‘शांत वर्षं’ म्हणतात. कर थकलेली व्हिक्टोरियन घरं कवडीमोलाने जायची. आज कोट्यवधी डॉलरला विकली जाणारी काही घरं त्यांतलीच.

दुसरी लाट युद्धाने आणली. 1942पासून जवळच्या कॅम्प हेलमध्ये दहाव्या माउंटन डिव्हिजनच्या सैनिकांना बर्फातल्या लढाईचं शिक्षण मिळू लागलं. युद्ध संपल्यावर त्यांतले काही याच डोंगरांत परतले. फ्रीडल फायफर ॲस्पेनला आला, तर पीट सायबर्टने 1962 मध्ये शेजारी व्हेल नावाचं अख्खं नवं गावच उभारलं. शिकागोचे पुठ्ठ्याच्या खोक्यांचे कारखानदार वॉल्टर पेपकी यांना ॲस्पेनमध्ये स्कीइंगबरोबर संगीत आणि तत्त्वचर्चाही हवी होती. 1946 मध्ये स्की कंपनी निघाली. 1949 मध्ये जर्मन कवी गटेच्या द्विशताब्दीसाठी आफ्रिकेत दवाखाना चालवणारे विचारवंत डॉक्टर, खुद्द अल्बर्ट श्वाइट्झर तिथे आले. पेपकींनी गावकऱ्यांना घरांसाठी फुकट रंग देऊ केला होता; अट एवढीच की रंग कोणता ते त्यांचे कलाकार हर्बर्ट बायर ठरवणार. बहुतेकांनी नकार दिला. बाहेरच्याने येऊन आपलं गाव सुंदर करायला घेतलं की गावकऱ्याच्या पोटात काय होतं, ते या नकारातून चांगलं कळतं.

तिसऱ्या लाटेत साठच्या दशकातली तरुण मुलं आली. कॉलेज सोडलेली, दिवसा बर्फावर आणि रात्री बारमध्ये काम करणारी. त्यांना ‘स्की बम’ म्हणत. याच पोरांनी पुढे गावाचं राजकारण हाती घेतलं, आणि आजच्या किमतींची खरी पायाभरणी तिथे झाली, असं मला वाटतं.

तो काळच विकासाला वैतागलेला होता. ओरेगॉनचे गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी 1971 मध्ये टीव्हीवर सरळ सांगून टाकलं की पाहुणे म्हणून पुन्हा पुन्हा या, पण कृपा करून राहायला येऊ नका. 1972 मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी 1976चं हिवाळी ऑलिंपिक नाकारलं. मिळालेलं ऑलिंपिक परत करणारं डेन्व्हर हे पहिलंच शहर. 1973 मध्ये आयझेनहॉवर बोगदा खुला झाला आणि डेन्व्हरहून डोंगरात जाणं सोपं झालं. ॲस्पेनमध्ये 1970 साली पत्रकार हंटर थॉम्पसन शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, निवडणुकीला उभा राहिला होता. रस्ते उखडून तिथे हिरवळ लावायची आणि गावाचं नाव ‘फॅट सिटी’ करायचं, म्हणजे ते नाव सांगून जमीन विकायची कुणाला सोय उरणार नाही, असा त्याचा जाहीरनामा. स्वतः तो केंटकीचा, कोलोरॅडोत येऊन त्याला दहा वर्षंही झाली नव्हती. तो हरला. पण दोनच वर्षांनी त्याच्या विचारांची माणसं काउंटीच्या सत्तेत आली. त्यांनी शेतजमिनींवरची बांधकामाची परवानगी कापली आणि वर्षाला किती घरं वाढू द्यायची यावर मर्यादा घातली.

त्यांना नफेखोर म्हणणं अन्याय होईल. ती खोरी आज काँक्रीटने भरलेली नाहीत, याचं श्रेय त्यांचं आहे. पण त्याचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडावा लागतो. अशा गावांभोवतीची बहुतेक जमीन मुळात केंद्र सरकारची असते, जंगल किंवा राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेली. वायोमिंगमधल्या जॅक्सन गावाच्या टिटॉन काउंटीत हे प्रमाण 97 टक्के आहे. तिथे जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी 1920च्या दशकाच्या शेवटी एका कंपनीच्या आडून शेतकऱ्यांच्या सुमारे 35,000 एकर जमिनी गुपचूप विकत घेतल्या आणि पुढे उद्यानासाठी सरकारला दिल्या. तेव्हा स्थानिक इतके चिडले की 1943 मध्ये सिनेनट वॉलेस बीरीला पुढे करून बंदुका घेऊन त्यांनी राखीव जागेतून गुरं हाकली. आज त्याच राखीव डोंगरांचा देखावा घरांच्या किमतीत धरला जातो. उरलेल्या तीन टक्क्यांत गाव, शाळा, दवाखाना, बंगले, सगळं बसवायचं. त्यावर वायोमिंगमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणून श्रीमंतांनी कागदोपत्री पत्ता तरी तिथला करावा हे ओघानेच आलं.

जमीन मोजकी, बांधकामावर लगाम आणि मागणी अख्ख्या देशाची. एवढं जुळलं की भावांचं काय होणार ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

ॲस्पेनच्या लोकांनाही ते लवकर कळलं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. शहर आणि काउंटी यांनी मिळून गृहनिर्माण संस्था चालवली आणि फक्त स्थानिक कामगारांना घेता येतील अशी घरं बांधली. आज ती सुमारे तीन हजार आहेत. त्यांच्या करारात विक्रीची किंमतही बांधून दिलेली असते. रिकामं झालेलं घर सोडतीने मिळतं. म्हाडाच्या सोडतीसारखंच, फक्त बर्फातलं. पैसा उभा राहतो तो घर-जमिनीच्या प्रत्येक व्यवहारावरच्या एक टक्का करातून. हा कर मतदारांनी 1989 मध्ये मंजूर केला. 1992 मध्ये कोलोरॅडोच्या घटनेत दुरुस्ती होऊन असे नवे कर लावायला बंदी आली. म्हणजे ॲस्पेनने वेळेवर गाडी पकडली. नंतर जाग आलेल्या गावांच्या हाती ते हत्यार उरलंच नाही.

तरीही तीन हजार घरं पुरत नाहीत. खुल्या बाजारात तिथल्या स्वतंत्र घराची सरासरी किंमत एक कोटी डॉलरच्या वर गेली आहे, आणि एप्रिल 2024 मध्ये तर एका घराचा सौदा 10.8 कोटी डॉलरला झाला. असलं घर वर्षातले बरेच महिने रिकामं असतं, पण त्याला माणसं लागतातच: बर्फ उपसणारा, बाग पाहणारा, साफसफाई करणाऱ्या बायका, गरम पाण्याचं कुंड चालू ठेवणारा. महाल एक उठतो आणि खोल्या लागणारी माणसं दहा वाढतात. ती राहतात ‘डाउनव्हॅली’, म्हणजे खोऱ्याच्या उताराला. आधी बसाल्ट, मग कार्बनडेल, मग पासष्ट किलोमीटरवरचं ग्लेनवुड स्प्रिंग्ज, तेही महाग झालं तेव्हा त्याच्याही पलीकडचं रायफल. पहाटे या रस्त्यावर बसगाड्यांची रांग असते. 2013 मध्ये अमेरिकेतली पहिली ग्रामीण बीआरटी याच खोऱ्यात सुरू झाली. हे कौतुकाने सांगतात, आणि बससेवा चांगलीच आहे. पण तिची इतकी गरज का पडली हेही त्यात दिसतं.

या बसमध्ये स्पॅनिश भरपूर ऐकू येतं. जॅक्सनच्या हॉटेलांत राबणाऱ्यांपैकी पुष्कळजण मेक्सिकोच्या एकट्या त्लास्काला राज्यातले. ‘नवे आलेले’ म्हटलं की चर्चा कॅलिफोर्नियाच्या श्रीमंतांची होते, या माणसांची होत नाही. झाली तरी वेगळ्या सुरात होते. 1999 मध्ये ॲस्पेनच्या नगर परिषदेने पर्यावरणाचं कारण देत देशात येणाऱ्यांची संख्या कमी करावी असा ठराव केला होता. ज्या गावाची भांडी परदेशी माणूस घासत होता, त्या गावाने. 2023च्या थंडीत कार्बनडेलमध्ये शंभरावर व्हेनेझुएलन माणसं येऊन पोचली आणि गाड्यांत, पुलाखाली झोपू लागली. छोट्याशा गावाने घाईघाईने निवारे उघडले.

आता जाता जाता इंटरनेट. सुट्टीतलं घर दिवसाच्या भाड्याने देणं सगळे एअरबीएनबीच्या नावावर टाकतात. पण व्हीआरबीओ हे संकेतस्थळ 1995 मध्ये निघालं, तेही ब्रेकनरिज या कोलोरॅडोतल्याच स्की-गावातला एक फ्लॅट भाड्याने द्यायचा होता म्हणून. जो फ्लॅट हंगामभर एखाद्या कामगाराकडे राहिला असता, तो आठवड्याच्या हिशेबाने पाहुण्याला देणं फायद्याचं ठरलं.

अशा पार्श्वभूमीवर 2020 आलं. जानेवारी 2021 मध्ये तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर 2.65 टक्क्यांवर उतरला. किनारपट्टीवरच्या महानगरातलं घर विकून हातात आलेल्या पैशात डोंगरातलं घर स्वस्त वाटू लागलं. 2022च्या शरदात दर सात टक्क्यांवर गेला, तेव्हा भाव उतरायला हवे होते. पण तीन टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असलेला माणूस घर विकून सात टक्क्यांच्या कर्जात कशाला जाईल? घरं बाजारात येईनाशीच झाली.

मोंटानातलं बोझमन हे विद्यापीठाचं गाव: 2000 साली 27,509 वस्ती, 2010 मध्ये 37,280, आणि 2020 मध्ये 53,293. इथे ॲस्पेनचं कारण पुरत नाही, कारण गावाबाहेर शेतजमीन आहे. इथला अडसर नियमांचा होता: बऱ्याच निवासी भागांत एका प्लॉटवर एकच घर. 2021 मध्ये राज्याने बिल्डरांना काही घरं स्वस्तात द्यायला लावण्याचा शहरांचा अधिकार काढून घेतला. 2023 मध्ये मात्र त्याच विधिमंडळाने उलट्या टोकाने हात घातला आणि शहरांत जोडघरांना, अंगणातल्या छोट्या घरांना वाट करून दिली. जुने घरमालक कोर्टात गेले आणि वर्षाअखेरीस स्थगिती घेऊन आले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये ती उठवली.

घरं बांधायला निघालं की विरोध कुठून येईल याचा नेम नसतो. व्हेलमध्ये स्की कंपनीने स्वतःच्या जमिनीवर 165 कामगारांची सोय करायचं ठरवलं. ती उतरण रानमेंढ्यांची हिवाळी चरण्याची जागा म्हणून 2022 मध्ये नगर परिषदेने जमीनच सक्तीने ताब्यात घ्यायचं ठरवलं. मेंढ्यांची बाजू खोटी नव्हती, पण त्याच खोऱ्यात श्रीमंतांची घरं उभी राहताना मेंढ्या कुणाला आठवल्या नव्हत्या. कोलोरॅडोतल्याच स्टीमबोट स्प्रिंग्जची गोष्ट आणखी चुटपुट लावणारी. 2021 मध्ये एका अनामिक दात्याच्या पैशातून 536 एकरांचं शेत फक्त स्थानिकांच्या घरांसाठी मिळालं. योजना आखून झाली. मार्च 2024 मध्ये ते शेत शहराच्या हद्दीत घ्यायचं की नाही यावर मतदान झालं आणि मतदारांनी नाही म्हटलं. खर्च, पाणी, रहदारी अशी कारणं होती. त्या घरांत जे राहणार होते त्यांतल्या अनेकांना मतही नव्हतं, कारण ते दुसऱ्या गावात राहत होते.

त्याच वर्षी 8 जूनला जॅक्सनजवळच्या टिटॉन खिंडीतला रस्ता खचून दरीत गेला. जॅक्सनमधले आचारी, परिचारिका, शिक्षक रोज याच खिंडीतून आयडाहोतल्या व्हिक्टर आणि ड्रिग्जहून येतात. पाऊण तासाचा प्रवास वळशाने दोन तासांच्या आसपास गेला. काही जण गाडीत झोपले, काहींना मालकांनी सोफा दिला. ऐन पर्यटनाचा हंगाम होता. रात्रंदिवस काम करून 28 जूनला पर्यायी रस्ता खुला झाला, आणि गाड्यांची रांग पुन्हा खिंड चढू लागली.