माणूस असल्याचा पुरावा, दर साडेचार पैसे

नवीन खातं उघडायला गेलं की "यातले झेब्रा क्रॉसिंग निवडा" म्हणणारा जो चौकोन समोर येतो ना, म्हणजे कॅप्चा, त्याची गोष्ट लोक साधारण अशी सांगतात: माणसाने कोडं घातलं, मशीनने सोडवलं, मग अजून अवघड कोडं घातलं, मशीनने तेही सोडवलं. खोटं नाहीये हे, पण अर्धंच आहे. उरलेल्या अर्ध्यात पैसा आहे आणि त्यात आपल्या देशाचाही बऱ्यापैकी हात आहे.

मुळात सुरुवात पैशाच्याच हिशोबाने झाली होती. १९९२ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या दोघांनी जंक मेल थांबवायला एक आयडिया मांडली, की मेल पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरला आधी एक छोटं गणित सोडवायला लावायचं. ज्याला एकच मेल पाठवायचाय त्याचे दोनचार सेकंद गेले तर काही बिघडत नाही, पण ज्याला लाखभर पाठवायचेत त्याचं मशीन दिवसेंदिवस घासत बसेल आणि धंदा परवडणार नाही. म्हणजे तू कोण, कुठला, माणूस की यंत्र हे विचारायचंच नाही, नाक्यावर टोल घ्यायचा आणि सोडायचं. १९९७ मध्ये अॅडम बॅकने हॅशकॅश काढलं ते याच धर्तीवर, पण मेलच्या जगात हे प्रकरण काही रुजलं नाही.

गंमत म्हणजे टोलच्या जागी ओळखपरेड आणायचा विचार लिहून ठेवला तोही याच नाओरने. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधून १९९६ मध्ये त्याने एक टिपण लिहिलं, की पलीकडे माणूस आहे का हे बघायला असं काम द्या जे माणसाला सोपं आणि मशीनला अवघड जाईल. १९५० मध्ये अॅलन ट्युरिंगने जी परीक्षा सुचवली होती तिच्यात परीक्षक माणूस होता, इथे परीक्षकच मशीन. गंमतच आहे, ज्याला स्वतःला उत्तर शोधता येत नाही त्याने पेपर तपासायचा!

प्रत्यक्षात पहिलं कुलूप बसलं ते अल्टाव्हिस्टावर, १९९७ मध्ये. गुगलच्या आधीचं नावाजलेलं सर्च इंजिन ते (ज्यांनी डायलअपच्या जमान्यात सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजलेत त्यांना आठवत असेल). तिथे आपल्या साइटचा पत्ता कुणालाही फुकट जमा करता यायचा, मग लोकांनी प्रोग्रॅम लिहून पत्त्यांचे ढीगच्या ढीग ओतायला सुरुवात केली. आंद्रेई ब्रोडर आणि त्याच्या टीमने काय केलं, तर स्कॅनरचं मॅन्युअल उघडलं. छापलेला मजकूर मशीनला नीट वाचता यावा म्हणून काय काय पाळा ते त्यात लिहिलेलं होतं: फॉन्ट एकसारखा ठेवा, कागद सरळ ठेवा, मागे नक्षी नको. यांनी बरोब्बर उलटं केलं. फॉन्ट वेगवेगळे, अक्षरं तिरकी, मागे गिचमिड. तो नको असलेला भरणा ९५ टक्क्यांहून जास्त कमी झाला म्हणतात. या कामाचं पेटंट २००१ मध्ये मिळालं, त्यावरच्या नावांत आयआयटी मद्रासमध्ये शिकलेला कृष्णा भरतही आहे, ज्याने पुढे गुगल न्यूज बनवलं.

कॅप्चा हे नाव मात्र पेन्सिल्व्हेनियातल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीतलं. १९९९ मध्ये स्लॅशडॉट नावाच्या टेक साइटवर एक ऑनलाइन मतदान झालं, कॉम्प्युटर सायन्स शिकायला सगळ्यात भारी कॉलेज कुठलं, आणि कार्नेगी मेलनच्या पोरांनी मतं टाकायला बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्रॅम, लिहिला, मग एमआयटीच्या पोरांनी पण लिहिला. निकाल एमआयटी २१,१५६, कार्नेगी मेलन २१,०३२, बाकी कुणालाही हजारसुद्धा नाहीत. पुढच्याच वर्षी याहूवाल्यांनी तिथे येऊन रडगाणं गायलं की फुकट मेलची खाती बॉट हजारोंनी उघडतायत आणि त्यातून स्पॅम सोडतायत, काहीतरी करा. मॅन्युएल ब्लम, त्याचा ग्वाटेमालाहून आलेला विद्यार्थी लुईस फॉन आन, निकोलस हॉपर आणि जॉन लँगफर्ड यांनी ते मनावर घेतलं. नाव ठेवलं 'कम्प्लीटली ऑटोमेटेड पब्लिक ट्युरिंग टेस्ट टू टेल कॉम्प्युटर्स अँड ह्यूमन्स अपार्ट', म्हणजे आधी कॅप्चा शब्द आवडला आणि मग त्याच्यासाठी वाक्य जुळवलं असा माझा संशय आहे.

यांचं म्हणणं असं, की कोडं टिकलं तर दार सुरक्षित आणि फुटलं तर आर्टिफिशियल इंटेलिजन्समधला एक प्रश्न सुटला, दोन्हीकडून फायदाच. फुटलं लवकरच. २००३ मध्ये बर्कली युनिव्हर्सिटीच्या ग्रेग मोरी आणि जितेंद्र मलिक यांनी याहूवरचा सोपा प्रकार ९२ टक्के वेळा सोडवून दाखवला.

तोवर बॉटवाल्यांची भूकही वाढली होती. गुगल दुसऱ्यांच्या साइटवरच्या लिंका मोजून क्रमांक ठरवतं हे एकदा कळल्यावर, जिथे जिथे खातं उघडून काही लिहिता येतं ती प्रत्येक जागा म्हणजे फुकट होर्डिंग झाली. जानेवारी २००५ मध्ये अशा लिंका न मोजण्याची सोय गुगलने आणली, पण बॉटना कुठे फरक पडतोय, टाकायला काही खर्चच नाही तर टाकत राहायचं. एक्सरूमर नावाचं रशियन सॉफ्टवेअर तर स्वतःच नाव नोंदवायचं, चित्रातली अक्षरं वाचायचं, मेलमध्ये आलेली लिंकही उघडायचं आणि मग जाहिरात चिकटवून पुढच्या दाराला.

इकडे फॉन आनला वेगळीच खंत. जगभरात दिवसाला सुमारे २० कोटी कॅप्चा भरले जातात, एकाला १० सेकंद धरले तरी रोजचे पाच लाख तास वाया. म्हणून २००७ मध्ये रीकॅप्चा, ज्यात एक शब्द परीक्षेचा आणि दुसरा जुन्या छापील कागदावरचा, मशीनला न लागलेला. लोक खातं उघडता उघडता न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक टाईप करून देत होते आणि कुणाला पत्ताही नव्हता. २००९ मध्ये गुगलने ते विकत घेतलं, पुढे त्यात स्ट्रीट व्ह्यूमधले, म्हणजे गुगलने काढलेल्या रस्त्यांच्या फोटोंमधले, घरांचे नंबरही आले. हुशारी आहेच, पण फुकटात राबवून घेणं पण आहे हे, मला दोन्ही एकदमच वाटतं.

फुकट नको असेल तर पगारी काम होतंच की. आपल्याकडे विजेच्या खांबांवर आणि नंतर व्हॉट्सअॅपवर "घरबसल्या कमवा, टायपिंग येणं पुरेसं" अशा जाहिराती सगळ्यांनीच पाहिल्यात, त्यातलं बरंच काम म्हणजे हेच कॅप्चा टायपिंग. बॉट फॉर्म भरणार, चित्र आलं की ते भारतात, बांगलादेशात, चीनमध्ये बसलेल्या कुणाकडे तरी जाणार, तो अक्षरं टाईप करणार, बॉट पुढे. २०१० मध्ये दर होता हजार कॅप्चांना ८० सेंट ते १ डॉलर २० सेंट, तेव्हा डॉलर साधारण ४५ रुपयांना, म्हणजे एका कॅप्चाला ढोबळमानाने साडेचार पैसे. त्याच वर्षी सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी या बाजाराचा अभ्यास छापला आणि त्यात दिसलं ते हेच, की कोडं कितीही बिकट करा, सोडवायला खराखुरा माणूस बसलाय तोही कवडीमोलाने, तर कुलपाची ताकद त्या मजुरीइतकीच. माझ्या मते सगळ्या इतिहासात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच सगळ्यात कमी सांगितला जातो. मशीन हुशार व्हायच्या कितीतरी आधी माणूस स्वस्त होता.

आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना दिसत नाही ते खरे वापरणारे दाराबाहेर. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २००५ मध्येच यावर टिपण काढून सांगितलं होतं. आवाजाचा कॅप्चा आला पण तो खरखरीत, कान देऊनही कळायचा नाही.

छोट्या साइटवाल्यांनी मात्र देशी उपाय शोधले आणि ते बरेच दिवस मस्त चालले. एक म्हणजे मधाचं बोट: फॉर्ममध्ये एक रकाना माणसाला दिसणार नाही असा लपवायचा, बॉट अधाशासारखा तोही भरतो आणि सापडतो. दुसरं, पानावर आल्यापासून तीन सेकंदात अख्खा फॉर्म भरला तर तो माणूस नाही. तिसरं, आपल्याच लोकांना येईल असा प्रश्न, उदाहरणार्थ पुरणपोळीत कुठली डाळ घालतात. हे काही अभेद्य वगैरे नाही, कुणी दहा मिनिटं बसून आपल्या एका साइटसाठी बॉट बदलला तर संपलं. पण एका साइटसाठी बसतो कोण, परवडायला पाहिजे ना.

२०१४ मध्ये गुगलनेच सांगितलं की वाकडी अक्षरं आमचं मशीन ९९.८ टक्के अचूक वाचतं, आणि "मी रोबो नाही" वाली टिक आली, जिच्यात टिकेपेक्षा तुमच्या ब्राउझरची चालचलणूक जास्त बघतात. २०१८ पासून तर कोडंही नको, मागच्या मागे शून्य ते एकमध्ये गुण मिळतात. २०२३ मध्ये जीपीटी-४ या एआय मॉडेलच्या चाचणीत त्याने कॅप्चा सोडवायला एक माणूस कामाला लावला आणि तू रोबो आहेस का विचारल्यावर मला कमी दिसतं असं ठोकून दिलं. २०२४ मध्ये झ्युरिकच्या संशोधकांनी चित्रांचे चौकोन शंभर टक्के सोडवून दाखवले.

मग आता दोन रस्ते दिसतायत. एक, सरळ ओळखपत्र मागायचं. तत्काळच्या बुकिंगला पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्मे प्रयत्न बॉटचे असतात असं रेल्वेने २०२५ मध्ये सांगितलं, अडीच कोटी संशयास्पद आयडी बंद केले, आणि १ जुलैपासून ऑनलाइन तत्काळला आधार लागू झालं. कॅप्चा तिथे आधीपासून होताच.

दुसरा रस्ता तीस वर्षं मागे जातो. जानेवारी २०२५ मध्ये अनुबिस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आलं, एआय कंपन्यांचे बॉट साइटी ओरबाडतात त्यांना अडवायला, ते काहीच विचारत नाही, कोल्ह्यासारखे कान असलेली एक कार्टून मुलगी दाखवतं आणि तेवढ्यात तुमच्या ब्राउझरला गणित सोडवायला लावतं. ड्वर्क आणि नाओरचाच टोल. फक्त नवीन लॅपटॉपवर ती मुलगी क्षणभर दिसते आणि पाच वर्षं जुन्या स्वस्त मोबाईलवर बराच वेळ दिसत राहते.