हेडर बसवावा का? बिडाच्या मॅनिफोल्डपासून सुरू होणारी गोष्ट

बेळगावच्या उद्यमबागेतल्या गॅरेजांमध्ये हल्ली एक प्रश्न वरचेवर कानावर येतो: थारला, स्कॉर्पिओला किंवा जिम्नीला हेडर बसवला तर गाडी जास्त पळेल का? विचारणारा बहुधा पंचविशीतला असतो. गाडीवर केए-२२ नाहीतर सीमेपलीकडची एमएच-०९ पाटी आणि डोक्यात चोर्ल्याचा घाट. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर गाडीचं इंजिन कोणत्या काळातलं आहे यावर ठरतं. म्हणून थोडं मागे जावं लागेल.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे ‘पुंगळी काढली’ म्हणतात ते सायलेन्सरचं, म्हणजे मागच्या टोकाचं काम. हेडर बसतो पुढे, थेट इंजिनच्या अंगाला. प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू गोळा करणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. जुन्या गाड्यांत तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असे. त्याच्या जागी वाकवून वेल्ड केलेल्या पोलादी नळ्या बसवल्या की झाला हेडर.

बीड बेळगावकरांना नवीन नाही. इथल्या आणि कोल्हापूरच्या ओतशाळांवर हजारो घरं चालतात. अशाच एका ओतशाळेत मी मॅनिफोल्डचा वाळूचा कोअर हातात घेऊन पाहिला होता. दिसायला अगदी पंजा: चार जाड बोटं आणि एक मनगट. पोकळी हवी तिथे वाळू ठेवायची, भोवती रस ओतायचा आणि थंड झाल्यावर आतली वाळू झाडून काढायची. बोटं लांब आणि वळणदार केली तर कोअर उचलतानाच मोडतो. बोटं आखूड, मनगट जवळ, तर काम सोपं आणि माल स्वस्त. मॅनिफोल्ड आखूड झाला त्यामागे ओतकामाची आणि बॉनेटखालच्या जागेची ही सोय होती. इंजिनच्या श्वासाचा विचार त्यात नंतरचा. बीड मात्र गुणाचं: उष्णता सोसतं, आवाज दाबतं, वर्षानुवर्षं तडा जाऊ देत नाही.

इंजिनची तक्रार वेगळी होती. चार सिलिंडर साधारण १-३-४-२ या क्रमानं पेटतात. एकाचा वायू जोरात बाहेर पडतो, तेव्हा शेजाऱ्याचा व्हॉल्व्ह अजून पुरता मिटलेला नसतो. आखूड मॅनिफोल्डमध्ये हा धक्का थेट शेजाऱ्याच्या तोंडावर जातो. नळ्या वेगळ्या, लांब आणि सारख्या लांबीच्या ठेवल्या तर धक्के पाळीपाळीनं पुढे सरकतात. इतकंच नव्हे, तर पुढे गेलेल्या धक्क्यामागे कमी दाबाची लाट परत येते आणि उरलेला वायू ओढून काढते. १९३० च्या दशकात मिशेल कादेनासी यानं या परिणामावर पेटंट घेतली. अमेरिकेत फोर्डचं १९३२ चं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन तर एक्झॉस्टचा वायू थेट ब्लॉकमधूनच बाहेर नेई आणि तापे. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तलावांवर शर्यती लावणाऱ्या पोरांनी अशा इंजिनांना नळ्या जोडजोडून वेग काढला. टू-स्ट्रोकमध्ये हीच विद्या पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीत वॉल्टर काडेननं पुढे नेली. त्याचा स्वार एर्न्स्ट डेगनर १९६१ मध्ये पळून सुझुकीला मिळाला आणि १९६२ मध्ये सुझुकीनं ५० सीसीचं जगज्जेतेपद घेतलं. यामाहा आरएक्स-१०० च्या सायलेन्सरच्या पोटात तीच कल्पना आहे.

आपल्याकडे मात्र हेडरची गरज बराच काळ कुणाला वाटलीच नाही. महिंद्रानं १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतली. पुढे जीपमध्ये डिझेल इंजिनं आली आणि खानापूर, चंदगड, निपाणीच्या वाटांवर वडापच्या, म्हणजे शेअर प्रवाशांच्या, कमांडर आणि ट्रॅक्स धावू लागल्या. आत दहा, बाहेर लटकलेले चार, टपावर भाजीची पोती. टर्बो (जळक्या वायूनं फिरणारा, इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं, इंजिनच्या कमी फेऱ्यांवर ओढणारं ते डिझेल. हेडरचा फायदा दिसतो तो फेऱ्या वाढल्यावर, आणि तिथवर या गाड्या जातच नसत.

हेडरला खरं घर मिळालं ते मारुती जिप्सीत. १९८५ मध्ये ती ९७० सीसीच्या पेट्रोल इंजिनासह आली, १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली. हलकी गाडी, टर्बो नाही आणि फेऱ्या आवडणारं इंजिन. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या या गावाला लष्करी जिप्सी रोजच्या पाहण्यातली, आणि लिलावात निघालेल्या जिप्सी घेऊन हौसेनं सजवणारे इथे पुष्कळ.

माझ्या एका मित्रानं अशीच एक घेतली आणि एका फॅब्रिकेटरकडून हेडर करून घेतला. जाड, आखूड नळ्या, चारही एकदम एकात मिळवलेल्या. सपाटीवर गाडी सुसाट झाली. जांबोटीकडून कणकुंबीला जाताना, ऐन जुलैत, चढावर मात्र दम टाकू लागली. पूर्वी तिसऱ्यात जायची तिथे दुसरा टाकावा लागला. ओढ्यात तापलेल्या नळीवर गार पाणी उडालं आणि वेल्डला केसासारखी फट पडली. परतल्यावर थंड इंजिन सुरू केलं की फट्-फट् आवाज येई, तापलं की बंद होई. आमच्या जुन्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून बोट ठेवलं: “दादा, आवाज वाढलाय, ओढ वाढली न्हाई. वेग जाड नळीनं येतोय, पण चढ बारीक नळीनं चढतोय.”

बारीक नळीत वायूचा वेग टिकतो आणि कमी फेऱ्यांवरही ओढ मिळते. लांब नळी तोच फायदा खालच्या फेऱ्यांकडे आणते. म्हणून घाटाच्या गाडीला चार-दोन-एक पद्धत बरी: पहिला-चौथा एकत्र, दुसरा-तिसरा एकत्र, मग दोन्ही एकात. मिस्त्रींनी फ्लँज, म्हणजे इंजिनला बोल्टनं बसणारी पट्टी, जाड घेतला, नळ्या बारीक आणि लांब केल्या. त्यानंतर ती जिप्सी कणकुंबी तिसऱ्यातच चढली.

मात्र हा हिशेब आजच्या बहुतेक एसयूव्हींना लागू होत नाही. १९९८ च्या टाटा सफारीत टर्बो डिझेल होतं, २००२ च्या स्कॉर्पिओतही. टर्बोचं पातं त्याच वायूच्या उष्णतेवर आणि दाबावर फिरतं, म्हणून मॅनिफोल्ड आखूड आणि गरम राहिलेलाच बरा. लांब नळ्या जोडल्या की उष्णता वाटेतच जाते, टर्बो उशिरा जागा होतो. ओतशाळेची जुनी सोय इथे इंजिनच्या कामी आली, आता सिलिकॉन-मॉलिब्डेनम मिसळलेल्या एसजी आयर्न या चिवट बिडामध्ये. बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर आहे. इथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सात-आठ टक्के विरळ. जिप्सीला तो तोटा सोसावा लागतो, टर्बो तो बराचसा भरून काढतो. फोक्सवॅगन टायगुन आणि श्कोडा कुशाक यांच्या टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनांत तर मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे. काढायला वेगळा भागच नाही.

उरतात जिम्नीसारख्या बिनटर्बो पेट्रोल गाड्या. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचं कडक मानक लागू झालं. कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून तो मॅनिफोल्डला अगदी खेटून बसतो. हेडरसाठी तो हलवला की धूर वाढतो. कुठे बारीक गळती राहिली तर ऑक्सिजन सेन्सरला बाहेरची हवा लागते, संगणक पेट्रोल वाढवतो, मायलेज घसरतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

कायदा आपल्या भागात नीट कळत नाही, म्हणून सांगतो. राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणून तो बदलत नाही. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. धूर-आवाजाचा गुन्हा वेगळा, त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या जिप्सीलाही हे लागू आहे, तेव्हा नळ्या कापण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.

परवा थारवाला एक पोरगा हेच विचारत होता. डिझेल, बीएस-६, वॉरंटी अजून शिल्लक. त्याला म्हटलं, हेडरचे पैसे टायरला घाल आणि आधी एअर फिल्टर काढून बघ. फिल्टर निघाला तो जांबोटीच्या लाल मातीनं भरलेला.