यूसोनियन की यूसोनिया? एक बांधायची रीत, दुसरी सहकारी वसाहत

अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटच्या घरांविषयी वाचताना या दोन शब्दांची हमखास गल्लत होते. मूळ एकच आहे. राइट अमेरिकेला ‘यूसोनिया’ म्हणायचा आणि तिथल्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबासाठी आखलेल्या घराला ‘यूसोनियन’. पुढे न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, प्लेझंटव्हिलजवळच्या एका सहकारी वसाहतीने हेच नाव घेतलं आणि तिथलं प्रत्येक घर राइटचंच, असा समज रुजला. तिथे 47 घरं आहेत. राइटने स्वतः आखलेली फक्त 3: फ्रीडमन, सर्लिन आणि रायझली.

यूसोनियन ही बांधायची रीत. तिचा नमुना म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरातलं 1937 सालचं जेकब्स घर. राइटची फी धरून खर्च साडेपाच हजार डॉलर. तळघर नाही, माळा नाही, गाडीला गॅरेजऐवजी नुसतं छप्पर. काँक्रीटच्या जमिनीवर 2 फूट बाय 4 फुटांच्या चौकटींची जाळी आखलेली आणि भिंती-दारं त्याच रेघा धरून. भिंत मात्र जवळून बघण्यासारखी आहे. मधे उभ्या फळ्या, त्यांच्या दोन्ही अंगांना कागदाचा थर, त्यावर आतून-बाहेरून पाइनच्या आडव्या फळ्या आणि सांध्यांवर रेडवुडच्या पट्ट्या. सगळी मिळून जाडी जेमतेम सव्वादोन इंच. गिलावा नाही, रंग नाही. स्वस्ताई यातूनच साधली, दुखणीही यातूनच आली. इतकी पातळ भिंत विस्कॉन्सिनची थंडी पुरती अडवत नाही. सपाट छपरावर बर्फाचं पाणी साचलं की गळती सुरू होते. घर गरम ठेवणारे नळ काँक्रीटच्या खाली असल्यामुळे एखादा गंजून फुटला तर जमीनच फोडावी लागते. लांबवर अधांतरी काढलेले छज्जे कालांतराने खाली झुकतात. असं घर पाहताना छज्ज्याच्या टोकाला आधी पाणसळ लावावी. छपराच्या आतल्या लाकडाची अवस्था तिथेच पहिल्यांदा कळते.

यूसोनिया ही मालकीची आणि एकत्र राहण्याची व्यवस्था. राइटकडे टॅलिएसिनला, म्हणजे त्याच्या घरी चालणाऱ्या शाळेत, शिकलेला डेव्हिड हेन्केन तिच्या मुळाशी होता. 1944 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या सहकारी तत्त्वांवर संस्था निघाली, म्हणजे एक सभासद, एक मत. 1947 मध्ये 97 एकर जागा घेतली. राइटने साधारण एकेक एकराचे गोल भूखंड आखले. गोलांच्या मधे तुकडे उरतातच. ती जागा मोकळी, हिरवी राहावी, हा त्यातला हेतू. बाकीची घरं हेन्केन, ॲरन रेस्निक, कानेजी डोमोटो, उलरिक फ्रॅन्झेन अशा इतर वास्तुरचनाकारांची आहेत. ती कमी दर्जाची अजिबात नाहीत, आणि त्यांना सरसकट राइटच्या नावावर खपवणं हा त्या मंडळींवर अन्याय आहे.

सुरुवातीला जमीन आणि घरं संस्थेची, सभासदाकडे 99 वर्षांचा भाडेपट्टा. आपल्याकडच्या ‘भाडेकरू सहभागीदारी’ गृहनिर्माण संस्थेत जमीन-इमारत संस्थेची आणि सभासदाला राहण्याचा हक्क असतो, त्याच्याशी हे बरंच जुळतं. अडचणही ओळखीची: घर सभासदाच्या नावावर नाही, तर कर्ज कुणाला आणि कशावर द्यायचं? त्यात घरांचं रूप नेहमीपेक्षा वेगळं, म्हणून बँका हात आखडता घेत. खर्चही मूळ अंदाजाच्या खूप पुढे गेला. शेवटी 1955 मध्ये घरांची मालकी सभासदांकडे आली. रस्ते आणि मोकळ्या जागा मात्र सामाईकच राहिल्या.

दोन्ही शब्द एकत्र लागू पडतात ते रायझली घरासारख्या वास्तूला. 1951 चं हे घर यूसोनियात आहे आणि यूसोनियनही आहे. दगड आणि सायप्रसच्या लाकडाचं हे घर षटकोनी आखणीवर उभं आहे. त्यामुळे काटकोनाऐवजी 60 आणि 120 अंशांचे कोन येतात. बाजारचं चौकोनी कपाट अशा कोपऱ्यात नीट बसत नाही, आणि फर्निचर घराबरोबरच आखून घेणं शहाणपणाचं ठरतं. या आखणीचा फायदा 1956 मध्ये दिसला. कुटुंब वाढलं तेव्हा राइटनेच त्याच जाळीवर घर पुढे वाढवून दिलं.

वारशाच्या याद्यांतही हा फरक दिसतो. 2019 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीसाठी राइटच्या 8 वास्तू निवडल्या, त्यांत जेकब्स घर एक वास्तू म्हणून आहे. यूसोनिया 2012 मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आली ती अख्खी वसाहत म्हणून.