टाचणीवरचा शेणकिडा आणि हजारो फोटो

सोलापुरात प्राणिशास्त्र शिकताना हिप्परगा तळ्याकाठी सापडलेला एक शेणकिडा आम्ही रीतसर, उजव्या कठीण पंखातून, टाचणीला लावला होता. पुढे डांबरगोळ्या उडून गेल्या, नव्या कुणी टाकल्या नाहीत. वर्षभराने पेटी उघडली तर टाचणीखाली नुसता भुसा. दुसऱ्याच एका भुंगेऱ्याच्या केसाळ अळ्यांनी त्याचा फडशा पाडला होता. लेबल तेवढं शाबूत!

नमुने टिकत नाहीत आणि टिकतात ते दूर असतात. एखाद्या जातीचं पहिलं वर्णन ज्या नमुन्यावरून झालं, तो टाइप नमुना. इंग्रजी अमदानीत इथून गोळा केलेल्या कितीतरी कीटकांचे असे नमुने लंडनमध्ये आहेत. सोलापूरच्या विद्यार्थ्याने ताडून पाहायचं कशाशी? यावरचा एक उपाय म्हणजे कीटकाच्या हजारो फोटोंतून जुळवलेली, संगणकावर सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येणारी थ्रीडी प्रतिकृती.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1665 मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या पिसूचं चित्र काढलं. चित्र अप्रतिम, पण एकाच बाजूचं. सगळ्या बाजूंची युक्ती आली ती इमारतींकडून. 1858 मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा वास्तुतज्ज्ञ वरून पडता पडता वाचला. मापं फोटोवरूनच काढावीत, हे त्याने तिथे मनावर घेतलं. 1867 मध्ये त्याच्या लेखातून ‘फोटोग्रॅमेट्री’, म्हणजे फोटोंवरून मोजमाप, हा शब्द छापून आला. एकच बिंदू वेगवेगळ्या कोनांतून टिपला की त्याची जागा गणिताने काढता येते.

आपल्या भुईकोट किल्ल्याच्या बुरुजाची अशी प्रतिकृती मोबाइलवरही जमेल, कारण दगड खरबरीत असतो. शेणकिडा चकचकीत. कॅमेरा हलला की त्याच्या पाठीवरची चमकही सरकते आणि सॉफ्टवेअर फसतं. शिवाय इतक्या जवळून डोळा स्पष्ट आला की पाय धूसर. म्हणून प्रकाश पांढऱ्या घुमटातून पसरवून सोडतात आणि फोकस थोडा थोडा सरकवत काढलेल्या डझनावारी फोटोंतून एक स्पष्ट फोटो जुळवतात. असे शेकडो कोन. गुणाकार तुम्हीच करा. हे काम आपोआप करणारा, जर्मनीतल्या डार्मस्टाटचा ‘डिस्क-थ्रीडी’ हा स्कॅनर 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. 2021 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा ‘स्कॅन्ट’ आला. त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे, सुटे भाग थ्रीडी प्रिंटरवर छापता येतात. मला जास्त मोलाचा वाटतो तो हाच.

टणक शेणकिडा यात झकास येतो. ज्वारीवरची खोडमाशी मात्र अडून बसते. पारदर्शक पंख आणि बारीक केस सॉफ्टवेअरला नीट गवसत नाहीत, आणि माश्या ओळखताना तज्ज्ञ नेमकी केसांचीच मांडणी बघतात.